रिपोर्ट तर नॉर्मल आहे

डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांचं एक व्याख्यान १८३५ मध्ये छापून आलं. त्यात त्यांनी काही स्त्रियांची हकिगत सांगितली आहे. छातीत सतत जोराची धडधड आणि प्रत्येकीची गळ्यातली थायरॉईड ग्रंथी सुजलेली. त्यांच्यापैकी एक जेमतेम वीस वर्षांची. तिच्या तक्रारी आधी ‘हिस्टेरिया’ समजल्या गेल्या होत्या. तीन महिने असेच गेल्यावर लक्षात आलं, की तिची नाडी विलक्षण वेगानं पळतेय. पुढे तिचे डोळे इतके बाहेर आले, की झोपेतही पापण्या पुरत्या मिटेनात. त्यानंतर मात्र तिला हिस्टेरिया झालाय असं म्हणणं कोणालाच शक्य राहिलं नाही.

पापण्या मिटेनाशा होईपर्यंत थांबावं लागणं, ही थायरॉईडच्या इतिहासातली एक जुनी खोड आहे. त्या आजाराला पुढे ग्रेव्हज यांचंच नाव मिळालं. खोड मात्र दीडशे वर्षांनंतरही तशीच होती.

अमेरिकेची धावपटू गेल डेव्हर्स १९८८ मध्ये ऐन भरात होती. शंभर मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिनं राष्ट्रीय विक्रम केला होता. त्याच वर्षी सोल ऑलिंपिकमध्ये तिला अंतिम फेरीसुद्धा गाठता आली नाही. वजन उतरत होतं, केस गळत होते, डोकं ठणकत होतं, मासिक पाळीचा रक्तस्राव थांबत नव्हता, एका डोळ्याला नीट दिसेनासं झालं होतं. जिचं शरीर हाच जिचा व्यवसाय, जिच्या अवतीभवती प्रशिक्षक आणि क्रीडावैद्यकाची माणसं, तिच्या आजाराला नाव मिळायला १९९० चा सप्टेंबर उजाडला. ग्रेव्हजचा आजार. त्यावरच्या किरणोत्सारी उपचारांनंतर तिचे पाय इतके सुजले आणि फोडांनी भरले, की ते कापावे लागतील का याची चर्चा झाली. पाय वाचले. १९९२ मध्ये बार्सिलोनात शंभर मीटरचं सुवर्णपदक तिनं एक शतांश सेकंदानं जिंकलं. पदकामुळे ही गोष्ट जगाला कळली. स्वयंपाक, नोकरी आणि मुलांचा अभ्यास सांभाळत ज्या बायका तीच दोन वर्षं अंगावर काढतात, त्यांची नोंद कुठे होत नाही.

थायरॉईड ग्रंथीचं दुखणं इतकं निसटतं का, याचं उत्तर तिच्या कामातच आहे. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, फुलपाखरासारखी पसरलेली ही ग्रंथी अन्नातल्या आयोडिनपासून थायरॉक्सिन बनवते. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीनं किती वेगानं काम करायचं, हे त्यावर ठरतं. थायरॉक्सिन जास्त झालं तर सगळंच धावतं, कमी पडलं तर सगळंच रेंगाळतं. त्यामुळे बोट ठेवून ‘इथे दुखतंय’ असं रुग्णाला सांगता येत नाही. ते कमी पडलं की थकवा येतो, थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, कातडी कोरडी पडते, वजन वाढतं, पाळी बिघडते, नावं आठवत नाहीत. यातली प्रत्येक तक्रार सुटी घेतली तर तिला एक सोपं उत्तर तयार असतं. वय झालं. बाळंतपणानंतर होतंच. टेन्शन घेऊ नका. चालायला जा.

या सुट्या तक्रारी एका माळेत ओवण्याचं काम लंडनमध्ये विल्यम गल यांनी केलं. १८७३ मध्ये त्यांनी क्लिनिकल सोसायटीपुढे पाच स्त्रियांची माहिती ठेवली. त्यातल्या एकीचं वर्णन वाचताना बाई समोर उभी राहते. पाळी थांबल्यापासून ती सुस्तावत गेलेली. अंडाकृती चेहरा उगवत्या पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल झालेला. आणि जीभ तोंडात मावत नसावी असा आवाज. उपाय गल यांच्याकडे नव्हता. पाहण्याची नजर होती. पुढे विल्यम ऑर्ड यांनी या अवस्थेला ‘मिक्सिडीमा’ हे नाव दिलं. कातडीखालची ती सूज बुळबुळीत, चिकट द्रव्याची असते, असं त्यांना वाटलं म्हणून.

कारण सापडलं ते मात्र एका फार न ऐकलेल्या तक्रारीतून. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात आयोडिनची टंचाई असल्यानं गलगंड तेव्हा घरोघरी. बर्नचे सर्जन थिओडोर कोखर ते काढण्यात इतके निष्णात, की ग्रंथीचा कणही मागे उरू नये. १८७४ मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीवर शस्त्रक्रिया केली. तिला पाठवणाऱ्या डॉक्टरनं नंतर कळवलं, की मुलगी पूर्वीसारखी राहिलेली नाही. मंद, उदास, कशातच रस नसलेली. त्या वेळी तिची फेरतपासणी झाली नाही. आठ वर्षांनी, १८८२ मध्ये, जिनिव्हाचे सर्जन रेव्हर्दां यांनी आपल्याही रुग्णांमध्ये असंच दिसतंय असं सांगितलं, तेव्हा कोखर यांनी जुने रुग्ण शोधून बोलावले. ती मुलगी आली. तिची धाकटी बहीण, एकेकाळी जिच्यात आणि हिच्यात फरक ओळखू येत नसे, आता वयात आलेली तरुणी होती. ही मात्र खुंटलेल्या उंचीची आणि खुंटलेल्या बुद्धीची. ज्यांची ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली होती, त्यांच्यात कमीजास्त हेच घडलेलं होतं. कोखर यांनी १८८३ मध्ये हे सारं जाहीर सभेत मांडलं आणि संपूर्ण ग्रंथी काढणं सोडलं. थायरॉईडवरच्या कामासाठी १९०९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्याच हातून झालेली हानी शोधायला निघणारा सर्जन तेव्हाही विरळाच होता, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण खेड्यातल्या त्या डॉक्टरचा निरोप तोवर आठ वर्षं पडून राहिला होता.

लंडनमध्ये फेलिक्स सीमन यांनी १८८३ मध्येच निष्कर्ष काढला, की गल यांच्या स्त्रिया आणि कोखर यांचे रुग्ण यांचं दुखणं एकच. थायरॉईडच नाहीशी झालेली. त्यांची खिल्ली उडाली. सोसायटीनं समिती नेमली आणि तिनं १८८८ मध्ये सीमन यांचंच म्हणणं मान्य केलं. तीन वर्षांनी न्यूकॅसलच्या तरुण जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून पाहायचं ठरवलं, तेव्हा ज्येष्ठांनी त्यांचीही थट्टा केली. रुग्ण होती शेहेचाळीस वर्षांची एक बाई. काही महिन्यांत तिचा चेहरा पुन्हा ओळखीचा झाला. ती आणखी अठ्ठावीस वर्षं जगली आणि वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, १९१९ मध्ये वारली. मरे यांनी हिशेब ठेवला होता: तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. आज मेडिकलच्या दुकानातून छोटीशी बाटली घेऊन सकाळी उपाशीपोटी एक गोळी गिळणाऱ्यांनी हा कळप एकदा डोळ्यांपुढे आणावा.

औषध सापडलं, तरी रुग्ण ओळखला जाईल अशी हमी नव्हती. लंडनच्याच रिचर्ड ॲशर यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा रुग्णांबद्दल लिहिलं. ही माणसं भ्रमिष्ट किंवा वेडी समजली गेलेली होती. खरं कारण थायरॉक्सिनचा अभाव हे होतं, आणि उपचारांनंतर निम्म्याहून अधिक पूर्ण शुद्धीवर आली. ए. जे. क्रोनिन यांच्या ‘द सिटाडेल’ या १९३७ च्या कादंबरीत असाच प्रसंग आहे. वेड्यांच्या इस्पितळात धाडायला निघालेल्या माणसाचं खरं दुखणं थायरॉईडचं आहे, हे तरुण डॉक्टर ओळखतो. (विजय आनंद यांचा ‘तेरे मेरे सपने’ हा १९७१ चा चित्रपट याच कादंबरीवर बेतलेला आहे.) ॲशर यांची आणखी एक ओळख इथे मजेशीर ठरते. आजाराची खोटी कहाणी रचून दवाखान्यांतून फिरणाऱ्या रुग्णांना ‘मुंखहाउझेन सिंड्रोम’ हे नाव १९५१ मध्ये त्यांनीच दिलं. ढोंगी रुग्ण कसा असतो हे इतकं नीट ठाऊक असलेला माणूस, वेडा ठरवलेल्यांचं ऐकून घ्यायलाही तितकाच तयार होता.

तोवर निदान म्हणजे मुख्यतः हात, डोळे आणि कान यांचं काम. डॉक्टर टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारून पाऊल किती सावकाश परत येतं ते पाहत, गळा चाचपत, आवाज ऐकत. १९६९ मध्ये बिलेविच आणि सहकाऱ्यांनी अशा लक्षणांना गुण देऊन बेरीज करण्याची पद्धतही मांडली. मग एक अशी रक्ततपासणी आली, की हे सगळं मागे पडलं.

तिचं नाव टीएसएच. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ही वाटाण्याएवढी ग्रंथी थायरॉईडची मुकादम. थायरॉईड कामात मागे पडू लागली की मुकादम आवाज चढवतो. टीएसएच म्हणजे तो आवाज. थायरॉक्सिन थोडंसं जरी घटलं तरी टीएसएच कितीतरी पटीनं वाढतं. म्हणून बिघाड अगदी सुरुवातीला पकडता येतो. या तपासणीनं असंख्य लोकांना वाचवलंय, यात वाद नाही. मुंबईत परळला १९६३ पासून असलेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरच्या पायऱ्या थायरॉईडसाठी चढलेल्या मराठी कुटुंबांना ते वेगळं सांगायला नको. वाद आहे तो कागदाच्या उजव्या बाजूला छापलेल्या दोन आकड्यांबद्दल.

बहुतेक प्रयोगशाळा ०.४ ते ४.५ किंवा ५ च्या आसपास ‘नॉर्मल’ पट्टा छापतात. तो ठरतो निरोगी समजलेल्या पुष्कळ लोकांचं रक्त तपासून आणि दोन्ही टोकांचे थोडे आकडे सोडून. तो लोकसंख्येचा पट्टा झाला, तुमचा-आमचा नव्हे. डेन्मार्कमध्ये २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या, पण फार बोलक्या अभ्यासात सोळा निरोगी पुरुषांचं रक्त वर्षभर दर महिन्याला तपासलं. प्रत्येकाचे आकडे स्वतःच्या एका अरुंद पट्ट्यात फिरत राहिले. छापील पट्ट्याच्या साधारण निम्म्या रुंदीत. म्हणजे ज्याचं टीएसएच आयुष्यभर १ च्या जवळ होतं, त्याचं ४ झालं तर त्याच्यापुरतं काहीतरी बदललेलं असू शकतं. आणि प्रयोगशाळेच्या कागदावर त्यापुढे ठळक अक्षर उमटत नाही. जुने रिपोर्ट फेकून न देण्यामागचं हे एक साधं, शास्त्रीय कारण.

हाकारू हाशिमोतो यांची गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण अन्नातून पुरेसं आयोडिन मिळतं तिथे थायरॉईड मंदावण्याचं सर्वांत मोठं कारण आज त्यांच्या नावानं ओळखलं जातं. जपानच्या फुकुओकातल्या या तरुण सर्जननं १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या ग्रंथींचं सूक्ष्मदर्शकाखालचं वर्णन जर्मन नियतकालिकात छापलं. ग्रंथीत पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली होती. पाश्चात्त्य तज्ज्ञांनी ती दुसऱ्याच एका आजाराची पहिली पायरी ठरवून बाजूला सारली. हाशिमोतो गावी परतले, वैद्यकी करत राहिले आणि १९३४ मध्ये टायफॉइडनं गेले. लंडनमध्ये डेबोरा डोनियाक, आयव्हन रॉइट आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये दाखवलं, की अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडं असतात. ही प्रतिपिंडं टीएसएच बिघडण्याच्या कितीतरी वर्षं आधी सापडू शकतात. इंग्लंडमधल्या व्हिकम इथल्या लोकांचा वीस वर्षं पाठपुरावा झाला. ज्या स्त्रियांमध्ये नुसती प्रतिपिंडं होती, त्यांच्यातल्या दरवर्षी सुमारे २.१ टक्के पुढे पूर्ण थायरॉईड-मंदतेकडे गेल्या. ज्यांचं टीएसएचही वाढलेलं होतं, त्यांच्यातल्या ४.३ टक्के. ‘आज नॉर्मल’ आणि ‘पुढेही नॉर्मल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रुग्णाला एका वाक्यात सांगता येतं. बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत नेमकं तेच वाक्य गळतं.

आता दुसरी बाजू. ती झाकली तर हे प्रकरण लबाडीचं होईल.

ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकात काही डॉक्टरांचं म्हणणं होतं, की रिपोर्ट नॉर्मल असला तरी लक्षणं पाहून थायरॉक्सिन देऊन पाहावं. अनेक रुग्णांना हा आधार वाटला. शेवटी कोणीतरी ऐकलं! ग्लासगोत याची चाचणी झाली आणि २००१ मध्ये निकाल छापला गेला. लक्षणं असलेल्या, पण तपासण्या नॉर्मल असलेल्या लोकांना काही काळ खरी गोळी आणि काही काळ हुबेहूब दिसणारी पोकळ गोळी देण्यात आली. थायरॉक्सिन पोकळ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. पोकळ गोळीनंही लोकांना बरं वाटलं. पासष्टीपुढच्या ७३७ जणांवर झालेल्या मोठ्या युरोपीय चाचणीचा निकाल २०१७ मध्ये आला: टीएसएच थोडं वाढलेलं, पण थायरॉक्सिन नॉर्मल अशा लोकांना गोळीनं ना थकव्यात फरक पडला, ना इतर लक्षणांत. त्यानंतर २०१९ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटानं अशा बहुतेक प्रौढांना गोळी देऊ नये अशी ठाम शिफारस केली. बाळाचा विचार करणाऱ्या स्त्रिया आणि २० च्या वर टीएसएच असलेले लोक त्यातून वगळले. गरज नसताना थायरॉक्सिन घेतलं तर हृदयाची लय बिघडू शकते, हाडं ठिसूळ होऊ शकतात. संशय घेणारा डॉक्टर दर वेळी हेकट असतो असं नाही.

मग त्या थकलेल्या बाईनं काय समजायचं? थकवा खोटा नसतो. नाव चुकीचं असू शकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याचीही लक्षणं तीच: दम, केस गळणं, हातपाय गार. बी-१२ ची कमतरता, रजोनिवृत्तीचा उंबरठा, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, सगळ्यांची तोंडं सारखी. म्हणून ‘थायरॉईड नाही’ हे उत्तर बरोबर असलं, तरी तिथेच खुर्ची मागे सारणं चूक. केस गळतात म्हणून बाई आली होती. थायरॉईड नसेल, पण केस अजून गळतायत ना?

आपल्याकडे मामला दोन्ही टोकांना आहे. एकीकडे स्वस्त तपासणी-पॅकेजमधून टीएसएच ५.२ निघतं आणि दुसरा कुठलाही प्रश्न न विचारता जन्माची गोळी सुरू होते. दुसरीकडे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांतल्या अभ्यासात, ज्यात मुंबई आणि गोवा दोन्ही होते, ५,३६० प्रौढांपैकी १०.९५ टक्के लोकांमध्ये थायरॉईडची मंदता आढळली. त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना आपल्याला ती आहे याचा पत्ताच नव्हता. एका घरात नाहक गोळी आणि शेजारच्या घरात न सापडलेला आजार, असं चित्र.

शिवाय तपासणी फसते, त्याचे काही प्रकार विलक्षण आहेत. केस गळतात म्हणून बाई दुकानातून बायोटिनच्या गोळ्या आणते. अनेक प्रयोगशाळांतली रसायनं बायोटिनच्याच चिकटण्याच्या गुणावर चालतात. रक्तात ते भरपूर असलं की टीएसएच खोटं कमी आणि थायरॉक्सिन खोटं जास्त दिसू शकतं. ज्या लक्षणासाठी तपासणी करायची, त्या लक्षणावरचा घरगुती इलाजच तपासणीवर पाणी फिरवतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस या गोळ्या बंद ठेवायला सांगतात. पण तसं सांगायला ‘तुम्ही आणखी काय घेता?’ असं आधी कोणीतरी विचारायला हवं.

आणि कधी कधी मुकादमच मुका होतो. बाळंतपणात फार रक्तस्राव झाला तर गरोदरपणात वाढलेली पिट्युटरी रक्ताअभावी मरू शकते. हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये हे नीट मांडलं म्हणून याला शीहान सिंड्रोम म्हणतात. श्रीमंत देशांत तो दुर्मीळ झाला आहे. जिथे बाळंतिणीला वेळेवर रक्त मिळत नाही तिथे नाही. काश्मीरमधल्या एका पाहणीत मुलं झालेल्या, विशीपुढच्या स्त्रियांमध्ये त्याचं प्रमाण सुमारे ३ टक्के निघालं. अशा बाईची थायरॉईड ठणठणीत असते, फक्त तिला हुकूम देणारं कोणी उरलेलं नसतं. टीएसएच वाढतच नाही. ते कमी येतं किंवा चक्क नॉर्मल पट्ट्यात येतं. थायरॉक्सिनही मोजलं नाही, तर ही बाई दहा-पंधरा वर्षं ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे’ ऐकत राहू शकते.

तिला पकडायचा प्रश्न कुठल्याही पॅकेजमध्ये नसतो. ‘शेवटच्या बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का? बाळाला अंगावरचं दूध आलं का?’ ‘नाही, थेंबही नाही. आणि पाळीही परत आली नाही,’ असं उत्तर आलं, की समोरचा कागद बाजूला ठेवून थायरॉक्सिन आणि पिट्युटरीच्याच हुकमावर बनणारं कॉर्टिसॉल मोजायला पाठवायचं. दोन्ही कमी निघाली तर आधी स्टिरॉइड द्यायचं, थायरॉक्सिन त्यानंतर. क्रम उलटा झाला तर इतकी वर्षं तग धरलेली बाई उपचारांच्या पहिल्याच आठवड्यात दगावू शकते.